अर्धी मोजलेली चासी

गुण्या म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी. सुताराकडे असते, गवंड्याकडे असते. पलंगांच्या कारखान्यात एकतीस वर्षं ती ज्याच्या मागच्या खिशात असायची, त्या माणसाचं नावही हळूहळू तेच पडलं. खरं नाव हजेरीपटावर राहिलं. बाकी जगाला तो गुण्या. चहाचा कप समोर आला की आधी तो बशीच्या मधोमध सरकवायचा आणि मगच उचलायचा. बायको म्हणायची, "अहो, चहा आहे तो. त्याला लेव्हल कसली लावताय?"

कारखान्यात दवाखान्यांचे लोखंडी पलंग होत. पाइप वाकवायचा, कापायचा, जोडायचा, रंगाच्या खोलीत ढकलायचा, की पुढचा. गुण्याच्या हातून वाकडा पलंग कधी बाहेर पडला नाही. पण कारखाना बंद झाला, साठी उलटली, आणि औद्योगिक वसाहतीच्या टोकाला एक गाळा घेऊन तो गेटं, जिन्याचे कठडे, चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करायला लागला, तेव्हा एक गोष्ट त्याच्या मनात खडा अडकावा तशी अडकून बसली. त्या पलंगांवर माणसं जन्मली, कण्हली, बरी झाली, गेली. त्यातल्या एकानेही आपण कशावर पडलो आहोत हे वाकून पाहिलं नसेल. पलंग दिसतच नाही, पलंगावरचा माणूस दिसतो. आणि सगळे पलंग सारखे. आपल्या हातून एक तरी वस्तू अशी व्हावी जिला जोडीदार नाही, असं त्याला वाटे. हे तो कुणाला बोलला नव्हता. या वयात असलं काही बोलून दाखवणं म्हणजे भर रस्त्यात गाणं म्हणण्यासारखं.

अशात एका सकाळी बाई आल्या. बाईंनी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. त्यांच्या मागे टेम्पोवर बांधलेली एक जुनी गाडी होती. दोन जणांची, बुटकी, गोल नाकाची, अॅल्युमिनियमच्या पत्र्याची. तरुणपणी बाईंनी ती घेतली तेव्हा घरच्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. बाईंनी गाडी टाकली नव्हती.

गुण्या गाडीखाली शिरला. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, लोखंडी पत्र्याच्या चौकोनी पट्ट्यांची होती, आणि गंजून तिचे पापुद्रे सुटले होते. स्क्रूड्रायव्हर टोचला तो ओल्या बिस्किटात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला.

"पाइपची नवी चासी करता येईल?" बाईंनी वरून विचारलं.

"मी पलंगवाला आहे, बाई."

"करता येईल का ते विचारलं. तुम्ही कोण ते मी बाहेरच्या पाटीवर वाचलंय."

गुण्या बाहेर आला, हात पुसले. त्या पाच मिनिटांत त्याच्या डोळ्यांपुढे पाइप आपोआप जुळायला लागले होते. इथून इथे, मग तिरपा, मग खाली.

"येईल," तो म्हणाला.

"मग तारीख ऐका. माझं लायसन्स वाढदिवसापर्यंत आहे. त्यानंतर डोळ्यांची तपासणी. उजव्या डोळ्याला फळा दिसतो, फळ्यावरचं दिसत नाही. म्हणजे पुन्हा काही ते मिळायचं नाही. साडेचार महिने आहेत. त्यात एकदा तरी ही मला चालवायची आहे."

गाडीचा पत्रा चासीवरून उतरवला आणि शेजारच्या गाळ्यात ठोक्याकडे गेला. ठोक्या पत्र्याचं काम करी. ठोकून ठोकून त्याला ऐकू कमी यायचं, त्यामुळे तो सगळ्या जगाशी ओरडून बोलायचा. पत्रा म्हणजे अख्खी वरची कातडी, नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध. ती त्याने डाव्या कडेवर उभी करून, खाली जुन्या गाद्या घालून, भिंतीला टेकवून ठेवली. गुण्या टेप घेऊन आला आणि उजवी बाजू मोजायला लागला. चाकाची कमान, दाराचा खांब, उंबरठ्यासारखी ती खालची पट्टी, बोल्टची भोकं. वहीत रेघा, आकडे.

"डावी मोजायची तर आडवी करून देऊ का?" ठोक्या ओरडला. "चार माणसं बोलवावी लागतील."

"नको रे. अर्ध्यावरून पूर्ण होतं."

पलंगाच्या कारखान्यात सगळे असंच करत. मधली रेघ मारायची, अर्धा पलंग मोजायचा, आणि आकडे पलीकडे उलटवायचे. एकतीस वर्षांत एकाही पलंगाने या पद्धतीबद्दल तक्रार केली नव्हती.

मग काम सुरू झालं. सपाट लोखंडी टेबलावर गुण्याने खडूने पूर्ण मापाचं चित्र काढलं. सव्वा इंची पाइप एकेक करून वाकवला. जिथे एक पाइप दुसऱ्याच्या अंगाला भिडतो तिथे त्याचं टोक माशाच्या तोंडासारखं कापावं लागतं, तर तो ते कानशीने घासत राहायचा. दोन पाइपांच्या मधून उजेडाची रेघही दिसेनाशी होईपर्यंत. जोडतानाही घाई नाही. लोखंड तापलं की फुगतं आणि निवताना ओढतं. एका कोपऱ्यात जोड पुरा केला तर अख्खी चासी त्या बाजूला मान मुरडते. म्हणून इथे बोटभर जोड, मग उठून समोरच्या कोपऱ्यात बोटभर, मग थांबायचं. थांबणं हेच निम्मं काम. तो स्टुलावर बसून राहायचा, आणि निवणारा पाइप बारीक टिकटिक करायचा. त्या आवाजात गुण्याला काहीतरी सोबतीसारखं वाटायचं.

दर शनिवारी बाई यायच्या. पर्स टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायच्या. गुण्या ती उचलून खिळ्याला अडकवायचा.

"कर्ण मोजले?"

"मोजले."

"किती?"

"दोन्ही सारखे."

"सारखे म्हणजे किती?"

"सारखे म्हणजे सारखे, बाई."

"असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं."

पण त्या हसायच्या. एकदा त्यांनी वाकून अख्खा सांगाडा एका टोकाकडून पाहिला, डावा डोळा बारीक करून. मग म्हणाल्या, "मिस्त्री, हे झाकायचं म्हणजे वाईट आहे हो." गुण्या त्या रात्री जेवताना दोनदा पाणी मागायचं विसरला. बायकोने काय झालं विचारलं तर म्हणाला, "काही नाही." चेहरा मात्र बक्षीस मिळालेल्या पोरासारखा.

चौथ्या महिन्यात इंजिन बसलं, चाकं बसली, स्टिअरिंग बसलं. चासी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली. गुण्याने बायकोला मुद्दाम दाखवायला आणलं. ती शिवणकाम करायची. घरात पुढच्या खोलीत तिचं मशीन, आणि बायकांची ये-जा. तिने एका जोडावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "एकही टाका मागेपुढे नाही." त्याने तिला सगळी चासी फिरून दाखवली. घर दाखवावं तशी. इथे मी हे केलं, इथे मी ते केलं. एवढा तो लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही बोलला नव्हता.

वाढदिवसाला एकोणीस दिवस असताना पत्रा चढवायचा ठरला. ठोक्या, गुण्या आणि आजूबाजूच्या गाळ्यांतले दोघे. चौघांनी तो उचलून वरून हलकेच खाली सोडला. उजवी बाजू डब्याला झाकण बसावं तशी बसली. डावी दोन बोटं वर राहिली.

"दाब जरा," ठोक्या ओरडला.

दाबलं. डावीकडून पत्र्याचा कण्हल्यासारखा आवाज आला. गुण्या म्हणाला, "सोडा. कुणी हात लावू नका." त्याने वाकून पाहिलं. चासीचा डावा लांब पाइप पत्र्याला आतून टेकला होता. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्या गाडीची डावी बाजू मोजली. मधल्या रेघेपासून ती उजवीपेक्षा चौदा मिलिमीटर आखूड होती. पुन्हा मोजलं. चौदाच.

दोन शेजारी आपापल्या गाळ्यांत निघून गेले. ते बरं केलं त्यांनी.

"चौदा ना?" ठोक्याने चौदा बोटं दाखवायचा प्रयत्न केला आणि दहावर अडकला. "अरे, एवढं काय तोंड पाडून बसलास? एका दुपारचं काम. पत्रा आतून ठोकून चौदा बाहेर काढतो. रंग चढला की देवालाही कळणार नाही."

"जुना पत्रा आहे. ताठरलाय. तडकेल."

"तडकेल तेव्हा तडकेल. वर्षाने, दोन वर्षांनी. तोवर बाईंची हौस फिटलेली असेल."

"आणि दुसरा उपाय?"

"दुसरा तूच सांग."

दुसरा गुण्याला ठाऊक होता. इंजिन उतरवायचं. डावीकडचा लांब पाइप कापून काढायचा, त्याला धरलेले तीन तिरपे कापायचे, सीटमागच्या कमानीचा पाय कापायचा, आणि सगळं चौदा मिलिमीटर आत घेऊन पुन्हा बोटबोटभर जोडायचं. महिना जाईल. बाईंची तारीख जाईल. आणि ती चासी जाईल. म्हणजे नंतर चासी असेलच, चांगलीही असेल, पण कापून जोडलेली. ज्या एका वस्तूवर बोट ठेवून हे मी केलं असं म्हणता येईल, तिच्यावरच आपल्या हाताने ग्राइंडर धरायचा.

"उद्या बघू," तो म्हणाला.

घरी बायको कापड बेतत होती. तोंडात दोन टाचण्या. त्याने कप सरळ केला नाही, तसाच उचलला, तेव्हा तिने टाचण्या काढल्या.

"काय झालं?"

त्याने सांगितलं. ती ऐकून घेत होती, मग एकदम थांबली.

"म्हणजे तुम्ही एकाच बाजूचं माप घेतलंत?"

"दोन्ही बाजू सारख्याच असतात."

"कुणी सांगितलं तुम्हाला? इतकी वर्षं माझ्याशेजारी बसताय, मला दोन्ही खांदे मोजताना बघितलं नाहीत कधी? एक बाई दाखवा मला जिचे दोन खांदे सारखे आहेत. माझा डावा खाली आहे. तुमचा उजवा."

"गाडी आहे ती. बाई नाही."

"हाताने ठोकलेली आहे ना? मग झालं तर." पुन्हा टाचण्या तोंडात ठेवण्याआधी ती म्हणाली, "बाईंना सांगितलंत?"

त्याने रिकामा कप मोरीत नेऊन ठेवला. आपला उजवा खांदा खाली आहे हे त्याला माहीत नव्हतं. रात्रभर ते त्याला टोचत राहिलं, मूर्खासारखं, त्या चौदा मिलिमीटरच्याही वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोक्या लाकडी हातोडा आणि वाळू भरलेली चामड्याची पिशवी घेऊन हजर. पत्रा खाली उतरवून दोन लाकडी घोड्यांवर उलटा ठेवला होता. आतली बाजू वर. खिडकीतून तिरपा उजेड त्यावर पडला होता. ठोक्याने डावीकडे पिशवी सरकवली, हातोडा उचलला.

आणि गुण्याला खुणा दिसल्या. पत्र्याच्या आत रंग नव्हता, त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचे हातोड्याचे ठसे जसेच्या तसे होते. उजवीकडे बारीक, गोल, दाट, एकाला एक खेटून, घाबरट माणसाच्या अक्षरासारखे. डावीकडे मोठे, लांबट, दूरदूर. मध्ये नाकाच्या शेंड्याशी दोन्ही प्रकारचे ठसे येऊन थांबले होते. दोन माणसं होती. एक उजवीकडे उभा, एक डावीकडे. दोघांनी आपापल्या डोळ्याने गोलाई ओळखली, आणि दोघांच्या गोलाईत चौदा मिलिमीटरचा फरक पडला. कोण होते, कुठे गेले, कुणाला माहीत. त्यांचं एवढंच उरलं होतं, आणि तेही आतल्या बाजूला, जिथे कुणी वाकून पाहत नाही.

"थांब," गुण्या म्हणाला.

ठोक्याला ऐकू गेलं नाही. गुण्याने त्याचा हातच धरला.

"मग कापणार? ती? अरे, वेड लागलंय का तुला? चार महिने तिला कवटाळून बसलास!"

"पत्रा आधी झालाय. ती नंतर. नंतरच्याने सरकायचं."

"आणि बाई?"

"त्यांच्याकडेच चाललोय."

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, पुस्तकांचं कपाट, खिडकीजवळ टेबल, त्यावर भिंग. गुण्या खुर्चीच्या कडेवर बसला आणि पाठ केल्यासारखं सगळं बोलून मोकळा झाला. ठोक्याचा एका दुपारचा उपायही त्याने लपवला नाही. शेवटी म्हणाला, "चूक माझी. डावी बाजू मी मोजलीच नाही."

बाईंनी भिंग उलटसुलट केलं.

"डावीकडची रेघ दाराच्या मागे जरा आत जाते," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला. मला वाटलं, तुम्हाला दिसलीच असेल. मीही बोलले नाही. म्हणजे माझेही थोडे मार्क कापा."

"पत्रा ठोकून घेतला तर तारीख सांभाळता येईल, बाई. तुम्ही सांगाल तसं."

"पत्र्याला हात लावायचा नाही."

"मग तारीख..."

"जाईल." हे त्या इतक्या सरळ म्हणाल्या की गुण्याला मान वर करता आली नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. मग बाईंनी विचारलं, "ती आत्ता चालू होते का?"

"कोण?"

"चासी. इंजिन आहे, चाकं आहेत, ब्रेक आहेत. होते की नाही?"

"होते. पण तिच्यावर काहीच नाही. सीटसुद्धा नाही. रस्त्यावर नेली तर..."

"रस्त्यावर कोण नेतंय? तुमच्या गाळ्यांमागे ती लांब गल्ली आहे ना, दोन्हीकडून फाटक असलेली?"

सुट्टीच्या दिवशी वसाहतीत कुणी नव्हतं. गुण्याने चासीवर फळी बांधली, बायकोने त्यासाठी जाड उशी शिवून दिली. पेट्रोलचा लहान डबा सीटमागच्या कमानीला पट्ट्याने आवळला. ठोक्या एका फाटकाशी उभा राहिला, बायको दुसऱ्या. बाईंनी गुण्याचा ग्राइंडिंगचा चष्मा चढवला आणि एका पाइपवर पाय टाकून, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने बसू नये तशा चटकन आत बसल्या. गुण्या शेजारी, फळीच्या उरलेल्या वीतभर जागेत, दोन्ही हातांनी पाइप धरून.

इंजिनाने आधी दोनदा खोकल्यासारखं केलं आणि मग आवाज पकडला. पत्रा नव्हता, त्यामुळे आवाज आला तो थेट हाडात. बाईंनी क्लच सोडला. जमीन पायाखालून वाहायला लागली, एवढी जवळ की बारीक खडी मोजता आली असती. गल्लीच्या मध्यावर आल्यावर बाईंनी स्टिअरिंगवरून दोन्ही हात उचलले.

"बाई, धरा! धरा हो!"

"बघू द्या."

चासी सरळ गेली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. ठोक्या आपल्याच दिशेने येणारा तो उघडा सांगाडा पाहून फाटकावर चढायच्या बेतात होता, तेव्हा बाईंनी पुन्हा स्टिअरिंग धरलं, ब्रेक दाबला.

"आता सांगते," त्या धापा टाकत म्हणाल्या. "सारखे म्हणजे सारखे. पूर्ण मार्क."

अकरा फेऱ्या झाल्या. बाराव्या वेळी त्यांनी स्वतःहून किल्ली फिरवली. इंजिन थांबल्यावरही त्या थोडा वेळ तशाच बसून राहिल्या, चष्मा न काढता, आणि गुण्याने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला, त्याने उतरवून घेतलं.

"उद्यापासून कापा," बाई म्हणाल्या. "घाई करू नका. आता कसलीच घाई नाही."

इंजिन उतरवायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी चासी पुन्हा लोखंडी टेबलावर आवळली गेली आणि गुण्याने डाव्या लांब पाइपावर खडूची रेघ मारली. ग्राइंडर हातात घेतला. खाली ठेवला. पुन्हा घेतला.

कापताना एक गोष्ट उघडी पडते, जी एरवी कुणालाच दिसत नाही. जोडताना घाई झाली असेल, उष्णता एकीकडे जास्त दिली गेली असेल, तर ती ओढ पाइपांच्या आत दबून राहते. वरून सगळं सरळ, आतून प्रत्येक पाइप शेजारच्याला खेचतोय. असा पाइप कापला की तो सुटतो. फट मिटून ग्राइंडरच्या चाकाला चावतो, नाहीतर झटक्याने बोटभर बाजूला सरकतो. कारखान्यात गुण्याने कित्येक पलंग असे कापताना उसळलेले पाहिले होते, दुसऱ्यांचेही आणि घाईच्या दिवसांत स्वतःचेही.

ठिणग्या उडाल्या. ठोक्या दारात येऊन उभा राहिला होता. तो काही ओरडला नाही. चाक अर्ध्यात गेलं, पाऊण गेलं. चाक आरपार गेलं, आणि काहीच झालं नाही. पाइपची दोन तोंडं होती तिथेच, समोरासमोर राहिली. त्याने ग्राइंडर बंद केला, तेवढ्याच जाडीचं दुसरं, न वापरलेलं चाक घेतलं आणि त्या फटीत सरकवलं. ते सैलही नव्हतं, अडकलंही नाही. पाइपमधून जेवढं कापून गेलं होतं, तेवढीच फट होती.

"हलला नाही?" ठोक्याने विचारलं. त्याच्या मानाने फारच हळू.

गुण्याने मान हलवली.

"केसभरही?"

"नाही."

मग ठोक्या आत आला, हातमोजे चढवले आणि पाइपचं सुटणारं टोक खालून धरलं. गुण्याने चष्मा नीट केला आणि ग्राइंडर पुन्हा सुरू केला.